गव्हाण, कडबा आणि नाताळची चांदणी



दिवाळी झाली आणि आमच्या गटात एक वाद सुरू झाला. पुण्याच्या एका दुकानदाराने विचारलं होतं की द्राक्षाच्या काड्यांची गोल कडी, मक्याच्या सालपटांची फुलं, गव्हाच्या काडाच्या चांदण्या असं काही नाताळासाठी करून द्याल का. काम घरबसल्या, माल शेतातला, खर्च जवळजवळ नाहीच. पण अर्ध्या बाया म्हणाल्या, आपण माळकरी माणसं, पंढरीत राहणारी, नाताळाचं काम आपल्याला कशाला? राहिलेल्या म्हणाल्या, ते राहू द्या, नगाला किती देणार ते आधी विचारा.

दोन्ही प्रश्न खरे होते, म्हणून कुणाला गप्प केलं नाही. ही नाताळाची सजावट मुळात आली कुठून, कुणी केली, आणि तिचे पैसे कुणाला मिळाले, हे आम्ही वाचून आणि विचारून काढलं. तेच आज तुम्हाला सांगतो.

येशूच्या जन्माची गोष्ट थोडीफार तुमच्या कानावर असेल. मरिया आणि योसेफ नावनोंदणीसाठी बेथलेहेमला गेले, उतरायला जागा मिळाली नाही. बाळ झालं, ते कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवलं. मराठी बायबलात शब्द गव्हाणच आहे. शहरातल्या पोरांना गव्हाण म्हणजे काय ते चित्र काढून दाखवावं लागतं. आपण रोज सकाळी तीत वैरण टाकतो. आणि उतरायला जागा नाही म्हणजे काय, तेही आपल्याला कुणी सांगायला नको. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात पोराला पदराखाली घेऊन रात्र काढणाऱ्या बाया आपण दर वर्षी बघतो.

म्हणजे या सणाची पहिली सजावट म्हणाल तर गोठ्यातली वैरण. पण पुढे मोठमोठी चर्चं झाली, सोनं-चांदी आली, रेशमी पडदे आले, आणि ती वैरण मागे पडली. ती परत आणली इटलीतल्या एका साधूने. त्याचं नाव फ्रान्सिस. बापाचा कापडाचा मोठा व्यापार सोडून तो अंगावरच्या एका झग्यावर बाहेर पडला होता. १२२३ साली ग्रेचो नावाच्या डोंगरातल्या लहान गावात त्याने सांगितलं की नाताळाला खरी गव्हाण आणा, तीत वाळलेलं गवत घाला, एक बैल आणि एक गाढव आणून उभं करा. आजूबाजूचे लोक मशाली घेऊन रात्री जमले. तेव्हा आपल्याकडे ज्ञानेश्वर माउलींचा जन्म व्हायला अजून ५२ वर्षं होती. आज जगभर नाताळाला जे गोठ्याचे देखावे करतात, त्यांची परंपरा त्या ग्रेचो गावापर्यंत नेऊन सांगतात. खर्च काय झाला असेल? गावातलं गवत, गावातलीच जनावरं.

आता जरा आपल्या डिसेंबरकडे बघा. नाताळ येतो तेव्हा आपल्याकडे बहुधा मार्गशीर्ष असतो, कधी पौष लागलेला असतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आपण कलश मांडतो, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या लावतो. डहाळ्या कोणत्या, यावर दर गुरुवारी शेजारणींत चर्चा होते, पण त्या विकत आणायच्या असं कुणी म्हणत नाही. निदान आपल्या आयांच्या वेळी तरी म्हणत नव्हतं. आता शहरात त्याही जुडी बांधून मिळतात. पंढरपुरात तर याच महिन्यात विठुराया देऊळ सोडून विष्णुपदावर राहायला जातो असं आपण मानतो. तिथल्या खडकावर गाईच्या खुरांच्या खुणा दाखवतात, गोपाळांबरोबर देव जेवला म्हणून लोक डबे घेऊन तिथे जेवायला जातात. म्हणजे आपला देवही या महिन्यात गुराख्यांमध्येच असतो.

आणि ज्यांचं माहेर बार्शी-अक्कलकोटकडचं किंवा लातूर-धाराशिवकडचं आहे त्यांना वेळ अमावस्या सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतच. शेतात कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगड चुन्याने-कावेने रंगवून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, अंबील आणि भज्जी खायची. कडब्याची खोप, आत मांडलेली देवमाणसं, बाहेर हिरवं शेत. नाताळाच्या गोठ्याचं चित्र याच्या शेजारी ठेवलं तर ओळखीचं वाटेल. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. शेतकऱ्याच्या हाताशी हिवाळ्यात जे असतं त्याचंच तो घर करतो, मग ते देवाचं का असेना.

आता हा सण मराठी मुलखात कसा आला ते बघू. नाताळ हा शब्दच पोर्तुगीजांचा. त्यांच्या भाषेत नाताल म्हणजे जन्म. तसे त्यांचे पुष्कळ शब्द आपण रोज तोंडात घेतो. पगार, चावी, बटाटा, कोबी, पाव. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई त्यांच्याकडे गेली. ते राज्य काही गोडीगुलाबीचं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. देवळं पाडली, लोकांवर जबरदस्ती झाली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. राज्यकर्ते गेले, पण तिथले ख्रिस्ती शेतकरी, वाडवळ, सामवेदी, कोळी आपल्या वाड्यांत आणि कोळीवाड्यांत तसेच राहिले. त्यांची बोली, त्यांची शेती इथलीच होती.

मधल्या काळात एक मोठं नवल झालं होतं. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने येशूची सगळी कथा मराठी ओवीत लिहिली. ते क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या आहेत त्यात. ओवी म्हणजे आपली जात्यावरची, ज्ञानेश्वरीतली. सांगायचं कारण इतकंच की त्या माणसाला परकी गोष्ट इथल्या लोकांपुढे ठेवायची होती तर त्याने सामान इथलंच उचललं.

वसईच्या बायांनी आणि पोरांनी सजावटीतही तेच केलं आहे. तिथे नाताळाच्या आधी घरोघरी, आळीआळीत नाताळगोठे उभे राहतात. बांबू, माती, भाताचा पेंढा. आपल्याकडे दिवाळीत पोरं मातीचे किल्ले करतात ना, अगदी तशी धावपळ, आणि आजी मागून ओरडते ती तशीच. किल्ल्यावर हिरवळ दिसावी म्हणून पोरं हळीव नाहीतर मोहरी टाकतात. नाताळगोठ्यालाही गोव्या-कोकणात तेच करतात. आठ-दहा दिवस आधी एखाद्या ताटात नाचणी किंवा गहू पेरतात, रोज पाणी शिंपडतात, आणि नाताळापर्यंत बोटभर उंच कोवळं शेत तयार होतं. ते गोठ्यापुढे ठेवतात.

हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एकीने लगेच म्हटलं, अगं हे तर घटाचं धान! खरंच, नवरात्रात आपण घटाभोवती काळ्या मातीत जे पेरतो, नवव्या दिवशी ज्याची उंची बघून पिकाचा अंदाज बांधतो, तेच काम. ही युक्ती तिथल्या बायांनी कुठून घेतली हे शोधायच्या भरीला आम्ही पडलो नाही. इटलीतही काही भागात असं धान पेरतात. मूठभर धान्य, ओली माती आणि रोज पाणी घालायला घरात असलेली बाई एवढं असलं की जगात कुठेही हे होतं.

घाटावर नाताळ आला तो वेगळ्या वाटेने, एकोणिसाव्या शतकात, अमेरिकन आणि इंग्रज मिशनऱ्यांबरोबर. नगर, सोलापूर, मिरज. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलं. आमच्यातल्या थोरल्या बाया सांगतात की नाताळाची कागदी चांदणी त्यांनी पहिल्यांदा बघितली ती मिरजेलाच, कुणाच्या तरी ऑपरेशनसाठी गेल्या होत्या तेव्हा.

पण पंढरपूर आणि नाताळ यांच्यामध्ये एक बाई उभी आहे, आणि तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. लक्ष्मीबाई टिळक. तिचा नवरा नारायण वामन टिळक, मोठा कवी. चित्पावन ब्राह्मणाच्या घरचा. १८९५ मध्ये त्याने मुंबईत ख्रिस्ती धर्म घेतला, आणि घरात जे व्हायचं ते झालं. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या, आणि त्यातला काही काळ आपल्या पंढरपुरात. विचार करा, १८९५ चा सुमार, नवरा बाटला म्हणून लोक बोट दाखवतात, आणि ही बाई सोवळ्याओवळ्याच्या गावात, चंद्रभागेच्या काठी, दिवस काढते. कुणी तिला विधवा म्हणावं की सवाशीण, हेही लोकांना ठरवता येईना. पुढे ती नवऱ्याकडे नगरला गेली. गेली म्हणजे लगेच धर्म बदलला असं नाही. काही वर्षं स्वतःचं सोवळं सांभाळून राहिली, डोळ्यांनी बघितलं, मनाने पारखलं आणि मग स्वतः ठरवलं. हे सगळं तिने ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे. शाळेत न गेलेल्या बाईने लिहिलेलं पुस्तक आहे. गटाच्या वाचनालयात नसेल तर मागवून घ्या, हसाल आणि रडालही.

टिळकांनी ख्रिस्ती मंडळींसाठी भजनं लिहिली ती अभंगाच्या चालीवर, टाळमृदंगावर म्हणायची. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. सण आपला मानायचा असेल तर तो आपल्या सामानाने करायचा, ही त्या दोघांची धारणा होती. म्हणून गावाकडच्या मराठी ख्रिस्ती वस्तीत आजही नाताळाला दाराला आंब्याची पानं दिसतात, झेंडू दिसतो, पताका दिसतात, टाळ ऐकू येतो. बर्फ म्हणून कापूस चिकटवायची पद्धत त्याच्या जोडीने आली, ती आम्हाला कधी पटली नाही. सोलापूरच्या उन्हात बर्फ कशाला?

हा झाला पहिल्या प्रश्नाचा शोध. दुसरा प्रश्न दामाचा. त्यासाठी आपल्याला जर्मनीत जावं लागेल, कारण आज दुकानात दिसणारी नाताळाची बरीचशी सजावट तिकडून निघाली आहे.

दारावर टांगायचं पानाफुलांचं गोल कडं तुम्ही सिनेमात बघितलं असेल, डोक्यावरच्या चुंबळीसारखं दिसतं ते. त्याचा एक भाऊ म्हणजे नाताळाच्या आधी दिवे लावायचं कडं. ते हॅम्बुर्ग शहरात १८३९ मध्ये विखर्न नावाच्या पाद्र्याने केलं. तो गरिबांची, रस्त्यावरची पोरं सांभाळत असे. पोरं रोज विचारत, नाताळ कधी? त्याने गाडीचं एक जुनं चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, आठवड्याच्या दिवसांना लहान आणि रविवारच्या चार मोठ्या. रोज एक पेटवायची आणि मोजायचं. पुढे चाकाभोवती हिरव्या डहाळ्या आल्या. तसंच चांदणीचं. निस्की नावाच्या गावच्या शाळेत १८३० च्या दशकात पोरांना भूमिती समजावी म्हणून कागदाची बहुटोकी चांदणी करायला लावत. ती इतकी आवडली की घरोघरी गेली. आपला आकाशकंदील आणि ही चांदणी करणाऱ्याला फारसं वेगळं काही करावं लागत नाही. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगी कागद आणि खळ. गोव्यात दिवाळीच्या कंदिलांमागून नाताळाच्या चांदण्या टांगल्या जातात. आणि ज्यांच्याकडे कागदही नव्हता त्या शेतकऱ्यांनी काड भिजवून, चिरून, चपटं करून त्याच्या चांदण्या बांधल्या. युरोपात थंड देशांमध्ये त्या अजून करतात.

इथपर्यंत सगळं घरातलं होतं. पुढची गोष्ट लाउशा गावची. जर्मनीत डोंगरातलं काच फुंकणाऱ्यांचं गाव. १८४० च्या दशकात तिथे झाडाला टांगायचे काचेचे गोळे होऊ लागले. त्याआधी झाडाला सफरचंदं आणि अक्रोड लावत. गावात असं सांगतात की एका गरीब कारागिराला सफरचंदं परवडेनात, म्हणून त्याने काचेची केली. खरं-खोटं कोण जाणे, पण गोष्ट गरिबाची आहे म्हणून टिकली असावी.

काम चालायचं घरातच. पुरुष ज्योतीवर काच फुंकायचा. गोळ्यात आतून चांदीचं पाणी फिरवायचं, वाळवायचा, रंगवायचा, वरची नळी कापायची, टोपण बसवायचं, हे सगळं बायको आणि पोरं करायची, हिवाळ्याच्या आधी तर रात्र-रात्र. आणि मग बाईच पाठीवर मोठी टोपली घेऊन डोंगर उतरून झोनेबेर्ग नावाच्या बाजारगावाला जायची, तिथल्या व्यापाऱ्याला माल द्यायची. काचेचे गोळे हलके असतात, पण टोपली डोंगरएवढी. आम्ही त्या बायांची जुनी चित्रं बघितली. आपल्याकडे कडब्याचा भारा घेऊन येणारी बाई मागून दिसतच नाही, नुसता भारा चालताना दिसतो, तशाच त्या.

१८८० मध्ये अमेरिकेतल्या वुलवर्थ नावाच्या दुकानदाराला कुणीतरी हे गोळे घ्यायचा आग्रह केला. तो म्हणाला, फुटतील, कोण घेणार? शेवटी भीत भीत २५ डॉलरचा माल घेतला. दोन दिवसांत संपला. मग तो दर वर्षी घेत गेला, जास्त जास्त घेत गेला. त्याची पाच-दहा सेंटची दुकानं शेकड्यांनी वाढली, नाताळाचे गोळे हा त्याच्या धंद्यातला एक मोठा माल. १९१३ मध्ये त्याने न्यूयॉर्कमध्ये जी इमारत पुरी केली ती तेव्हा जगातली सर्वांत उंच इमारत होती. लाउशाच्या बाया तेव्हाही टोपली पाठीवर घेऊन चालतच होत्या. त्यांच्या हाताला सवय होती, गावात दुसरं काम नव्हतं, आणि भाव सांगायचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. तो बाजारात ठरायचा. आज हा धंदा बराचसा चीनकडे गेला आहे. यिवू नावाच्या एका शहरातून जगातल्या नाताळाच्या सजावटीचा मोठा वाटा निघतो, बहुतेक प्लास्टिकचा.

दूर कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यात सोलापूरच्या विडी कामगार बाया आहेत. तेंदूचं पान, तंबाखू, दोरा. मालही झाडाचा, कामही घरचं. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. पण त्या बायांनी एक गोष्ट केली जी लाउशाच्या बायांना जमली नव्हती. त्या युनियनमध्ये आल्या, वर्षानुवर्षं मोर्चे काढले, आणि २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने त्यांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली.

पंढरपुरात आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण तुळशीच्या माळांचं. काशीकापडी समाजातली घरं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करतात. वाळलेली तुळस आणायची, काड्या तोडायच्या, मणी कातायचे, भोक पाडायचं, ओवायचं. वारकऱ्याच्या गळ्यात माळ पडते तेव्हा तो देवाचं नाव घेतो, मणी कातणाऱ्याचं घेत नाही. ते ठीक आहे. पण बाजारात तुळस म्हणून दुसऱ्याच लाकडाचे यंत्रावर काढलेले मणी येतात आणि स्वस्तात विकले जातात, तेव्हा हातकामाचा भाव पडतो. गिऱ्हाइकाला फरक सांगणारं कुणी नसतं. नाताळाची कडी करायला निघालेल्या आपण हे आधी आपल्या गल्लीतच बघून घेतलं पाहिजे.

म्हणून आम्ही आमच्या गटात हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून बघा. समजा, एका कड्याला काड्या गोळा करणं, भिजवणं, वळणं, सजवणं धरून दीड तास लागला. आठ तासांच्या दिवसात पाच कडी होतील. समजा, खुरपायला गेलात तर ३०० रुपये रोज मिळतो. तीनशेला पाचाने भागलं की ६० रुपये. हा झाला नुसत्या हाताचा दाम. सुतळी, डिंक, खोका आणि एसटीचं भाडं मिळून नगाला १५ धरा, झाले ७५. आता दहा कडी केली की एखादं मोडतं, वाळल्यावर उसवतं. दहा कड्यांचे ७५० रुपये उरलेल्या नऊंवर पडले की नग गेला ८३ वर. आणि दुकानदाराने ४० सांगितले तर? तर आपण त्याला दर नगामागे ४३ रुपये देतो आहोत, हे पाटीवर लिहून दाखवल्यावर आमच्यातल्या, माल फुकटचाच आहे की, असं म्हणणाऱ्या बाया गप्प झाल्या. माल फुकटचा असतो. दिवस फुकटचा नसतो. आमच्या दुकानदाराशी अजून बोलणं चालू आहे. नगाऐवजी दहाच्या खोक्यावर भाव आणि निम्मे पैसे आधी, एवढं आम्ही धरून बसलो आहोत.

पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर गटाने ठरवलं की ज्यांना करायचं त्यांनी करावं, ज्यांचं मन घेत नाही त्यांनी तेच कडं झेंडू-आंब्याच्या पानांनी पाडव्यासाठी, लग्नासाठी करावं. कडं एकच असतं. त्यावर काय बांधायचं तेवढं वेगळं.

आता सामानाचं थोडं. आपल्या तालुक्यात हे मुबलक आहे. कासेगावच्या बाजूला द्राक्षबागा आहेत. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. ऑक्टोबरच्या छाटणीत शेंड्याच्या काड्या निघतात, एप्रिलच्या खरड छाटणीत लांब आणि भरपूर. ओली काडी गोल वळते, तिच्यातच तिचं टोक खोचलं की तारही लागत नाही. बागेवर औषधाची फवारणी झालेली असते, म्हणून काड्या पाण्यात चांगल्या धुऊन घ्यायच्या, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. उसाला तुरा येतो तो नेमका याच दिवसांत. तो पुरता फुलायच्या आत कापून उलटा टांगून वाळवला तर पांढरट राहतो, गळत नाही. मक्याच्या कणसाची आतली सालपटं मऊ असतात, ती ओलसर करून पाकळ्या कातरायच्या. गळून पडलेली सुपारीएवढी डाळिंबं सावलीत वाळवली की वरच्या मुकुटासह टिकतात. बाभळीच्या शेंगा, गुलमोहराच्या काळ्या शेंगा, चिंचोके. चिकटवायला बाभळीचाच डिंक. पिठाच्या खळीने झुरळं येतात.

गव्हाच्या काडाबद्दल एक अडचण आहे. हार्वेस्टरने काढलेल्या गव्हाचं काड तुकडे-तुकडे होऊन पडतं, त्याची चांदणी होत नाही. मार्चमध्ये मळणीच्या आधी एक पेंढी विळ्याने कापून बाजूला ठेवावी लागते. पेरं सोडून मधला सरळ भाग घ्यायचा, तासभर पाण्यात ठेवायचा, नखाने उभा चिरायचा आणि गरम इस्त्रीने चपटा करायचा. त्याला अशी झळाळी येते की जरीच्या काठासारखं दिसतं. रंगवायचं असेल तर काव आणि चुना पुरतो.

दोन गोष्टी मात्र घेऊ नका. गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी त्या विषारी असतात, आणि एरंडाच्या बियाही. सजावट पोरांच्या हाताला लागते, पोरं ती तोंडात घालतात. आणि थर्माकोल नको. २०१८ पासून राज्यात त्याच्या सजावटीवर बंदी आहे, आणि आपला माल ज्या कारणाने कुणी मागतो ते कारणच त्याने जातं.

शेंगांत भुंगे असतात. तीन-चार दिवस कडक उन्हात पसरून, मग कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याबरोबर गोणीत भरून ठेवल्या तर टिकतात. कड्यांचं मात्र उन्हाळ्यातच बघावं लागतं. एप्रिलमध्ये ओल्या काडीचं वळून ठेवलेलं कडं डिसेंबरपर्यंत तसंच राहतं, पण छाटणी झाली की बागवाले काड्या गोळा करून बांधावर पेटवतात. तेव्हा ओळखीच्या बागवाल्याला आधीच निरोप देऊन ठेवा, आणि छाटणीच्या दिवशीच सकाळी दोघीतिघी मिळून जा, कारण दुपारच्या उन्हात पडलेली काडी संध्याकाळी वळत नाही, मोडते.